करवंटीचे ठोकळे घालताना

कुडाळात जुन्या घराच्या माडीवर आडभिंत घालायची असली की मी खडीऐवजी नारळाची करवंटी वापरतो. साध्या काँक्रीटचा घनमीटर २४०० किलोच्या घरात जातो, करवंटीचा २००० च्या आत राहतो. ४० बाय २० बाय १० सेंटिमीटरचा खडीचा ठोकळा १९ किलो भरतो, हा पंधराच्या आसपास. जिन्यावरून डोक्यावर ठोकळे वाहणाऱ्या बायांना या चार किलोंचं मोल विचारा.

पहिल्या खेपेला मी करवंटी कोरडीच घातली होती. कालवताना माल छान ओला दिसला, पण साच्यात भरेपर्यंत भुरभुरीत झाला. दुसऱ्या दिवशी ठोकळ्याचे कोपरे बोटानं निघाले. करवंटी दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा पाणी पिते. सिमेंटच्या वाट्याचं पाणी तिनं पिऊन टाकलं होतं.

म्हणून आता असं करतो. खानावळीतून आणि देवळातून करवंट्या गोळा करायच्या, काथ्याचे केस काढायचे, आतलं खोबरं खरवडून धुवायचं. खोबऱ्याची साखर राहिली तर सिमेंट लवकर धरत नाही. हातोडीनं फोडून १२ मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल ते घ्यायचं, चुरा टाकून द्यायचा. वजन आताच, कोरडी असताना करायचं. मग पुरते २४ तास पाण्यात. काढल्यावर गोणपाटावर पसरा. हाताला ओल लागावी, पण पाणी निथळू नये.

सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला वाळू ७५ किलो, करवंटी ३२ किलो आणि पाणी २१ लिटर. वाळू ओली असेल तर पाणी तेवढं कमी. सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर त्यातलं १० किलो काढून तेवढीच औष्णिक वीज केंद्राची सुकी राख घालता येते. पीपीसीत, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटात मात्र ती १५ ते ३५ टक्के आधीच मिसळलेली असते, त्यात पुन्हा राख घालू नका. सिमेंट जास्त लागतं हे खरं, पण एका गोणीत बारा ठोकळे निघतात.

करवंटीचा तुकडा वाटीसारखा असतो, त्याखाली हवा अडकते. साचा एकदम भरू नका. तीन थरांत भरून प्रत्येक थर सळीनं कोचा. मग गोणपाट झाकून १४ दिवस तरी पाणी मारा. राख घातली असेल तर सुरुवातीला ताकद हळू येते, घाई करू नका. स्लॅब, बीम, कॉलमला मी हा माल लावत नाही.

तीन ठोकळे बाजूला ठेवून २८ दिवसांनी जवळच्या तंत्रनिकेतनात दाबून घ्या आणि फुटलेला भाग नीट बघा. करवंटीच तुटली असेल तर सिमेंटनं तिला घट्ट धरलंय. अख्खी सुटून आली आणि मागे गुळगुळीत ठसा राहिला, तर धुण्यात कसर राहिलीय.