करवंद पूर्ण काळं व्हायची वाट बघू नका, वळीव येतोय

आंबा-काजूच्या गडबडीत करवंदाच्या कुंपणाकडे कोणी बघतच नाही आणि बघतात तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो. सगळं झुडूप काळं होऊ दे, मग एकदम माणसं लावून काढू, मजुरी वाचेल, असा हिशोब. पण करवंद एकदम पिकतच नाही हो, एकाच घोसात एक हिरवं, एक लाल, एक काळं. शेवटचं काळं होईस्तोवर पहिलं गळून गेलेलं असतं, त्यात वळवाची एक सर आली की साल मऊ पडते, बुरशी धरते आणि टोपलीत नुसता लगदा. 2025 ला मान्सून 26 मेलाच मुंबईत होता, तेव्हा जूनच्या भरवशावर राहू नका.

निम्मा माल कच्चाच काढा. केकवरची, पानातली लाल चेरी असते ना, ती बऱ्याचदा आपलं कच्चं करवंदच असतं, बी काढून, रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवलेलं. त्याला आणि लोणच्याला हिरवं, टणक, पूर्ण भरलेलं फळ लागतं. पाऊस यायच्या आत हा माल घरात पैसे देऊन मोकळा. गिऱ्हाईक मात्र आधी बघून ठेवा.

पिकलेलं विकायचं असेल तर दर दोन-तीन दिवसांनी तोडणी, सकाळी दव सुकल्यावर. माझा ठोकताळा सांगतो, पुस्तकात नाही मिळणार: दहातली दोन फळं जांभळी दिसली की पहिली फेरी मारायची. देठाशी तोडून बघा, पांढरा चीक भसाभस आला तर फळ कच्चं, नुसता थेंब आला तर चाललंय पिकायला. हाताला आधी खोबरेल चोळा नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही.

आणि दुकानदार फळ फुगवायचं टॉनिक देईल, घेऊ नका. माळरानावर पाण्याशिवाय येणारं झाड ते, त्याला बाटलीतलं कशाला? तसंच कोणी खऱ्या चेरीचं महागडं रोप गळ्यात मारत असेल तर लांबूनच नमस्कार, ती काश्मीर-हिमाचलची, तिला हिवाळाभर कडक थंडी लागते, ती आपल्या कोकणात कुठून आणणार?

बाकीची कामं:
- जात: कोकण बोल्ड, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची
- बी: ताजंच पेरा, जुनं उगवत नाही
- गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून रोप करणं): पावसाळ्यात
- अंतर: बागेत 2 ते 3 मीटर, कुंपणाला 1 मीटर
- खड्डे: पावसाआधी, 45 सेंमी लांब-रुंद-खोल
- खत: शेणखत, पाऊस लागल्यावर
- छाटणी: तोडणीनंतर, सुकी आणि आत घुसलेली फांदी
- बुरशी: 1 टक्का बोर्डो, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. तोडणी संपल्यावर उघडीप बघून मारा, पिकलेल्या फळावर अजिबात नको.

एवढं सांगूनही सर आलीच मधे, तर भिजलेली करवंदं कोरड्या टोपलीत मिसळू नका, एक सडकं बाकीच्यांना घेऊन जातं. वेगळी काढा, पंख्याखाली पसरा आणि त्याच दिवशी गावात विका नाहीतर सरबताला घाला. गाडीत भरून वाशीच्या घाऊक बाजारात पाठवलीत तर भाडंही सुटणार नाही.