थंडीत आधी अंग तापवा, मग ताणा

साताऱ्यात डिसेंबर लागला की चारभिंतीच्या टेकडीच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला कानटोप्यांची जत्रा भरते. मीही त्यात असायचे. चढ चढून आल्याशिवाय चहा नाही, असा आमच्या गल्लीतल्या पाचजणींचा नेम. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे घरातून निघाले ती थेट चढाला लागले, आणि पहिल्याच वळणावर पोटरीत अशी कळ आली की खाली उतरताना काठी आणि शेजारीण दोन्ही लागल्या. तेव्हापासून मी पहाटेचा हट्ट सोडला. व्यायाम नाही सोडला. त्याची वेळ आणि क्रम बदलला.

थंडीत स्नायू आखडलेले असतात. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्तदाबही थोडा चढतो. ज्यांना बीपीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी अंधारात, गार वाऱ्यात एकदम चढाला भिडणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. शिवाय अशा दिवसांत धुकं खाली बसतं, त्यात शेकोट्यांचा आणि शेतात जाळलेल्या पाचटाचा धूर अडकतो. दम्याच्या माणसाने त्या हवेत प्राणायाम करू नये. खिडकी लावून घरात करावा. सूर्य या दिवसांत सातच्या आसपास उगवतो. त्याच्या आधी बाहेर पडायची काही गरज नाही.

सुरुवात अंथरुणातच करायची. पांघरूण काढायचं नाही. पायाचे चवडे पुढे-मागे दहा वेळा, घोटे दोन्ही बाजूंनी गोल, मग एकेक गुडघा पोटाकडे ओढून पाच श्वास होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. हाताच्या मुठी उघड-मीट करायच्या. तळहात एकमेकांवर घासून गरम झाले की डोळ्यांवर आणि मानेवर ठेवायचे. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. ताडकन बसलात तर चक्कर येऊ शकते, आणि वय साठीच्या पुढे असेल तर ही एक सवय बाकी सगळ्या आसनांपेक्षा मोलाची.

मग कोमट पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, आणि दुपारी डोकं का जड झालं म्हणून विचारत बसतो.

आता अंग तापवायचं. स्वेटर, पायमोजे असू द्या, पण फरशीवर पायमोज्यांनी उभं राहू नका, पाय घसरतो. सतरंजी किंवा मॅट घ्या. जागच्या जागी तीन-चार मिनिटं चाला, हात झुलवत. खांदे मागून पुढे, पुढून मागे. मान फक्त डावीकडे-उजवीकडे आणि खाली. पूर्ण गोल फिरवू नका. कंबर सैल सोडून दोन्ही बाजूंना वळा, हात आपोआप अंगाभोवती येऊ द्या. कपाळाला जरा ऊब जाणवली की समजायचं, इंजिन सुरू झालं. तोवर वाकून पायाचे अंगठे धरायला जाऊ नका. गार स्नायू ताणायला गेलं की तो उलट आवळतो.

यानंतर मार्जारासन. हात-गुडघ्यांवर या, श्वास घेताना पाठ खाली आणि छाती पुढे, सोडताना मांजरासारखी पाठ वर. दहा वेळा, सावकाश. गुडघे खाली टेकवत नसतील तर स्वयंपाकघराचा ओटा आहेच: ओट्याच्या कडेवर तळहात ठेवा, चार पावलं मागे जा, कंबर मागे ढकला, पाठ सरळ लांब होऊ द्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हे सहज होतं. माझ्या पाठीला तरी मॅटवरच्या आसनांपेक्षा या ओट्यानेच जास्त आराम दिला.

सूर्यनमस्कारांबद्दल थोडं भांडायचं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांतून रुजवले, त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत नमस्कार म्हटलं की आकडाच निघतो: अमक्याने शंभर घातले, तमक्याने दोनशे. थंडीत आकडा विसरा. सुरुवातीला तीनच घाला, प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबा. पाय मागे नेताना झटका देऊ नका. खाली जाताना आधी गुडघे टेकवा, मग छाती. मनगटं दुखत असतील तर भिंतीशी उभं राहून करा. पुढे सहा, फार तर बारा. हर्निया असेल, पाठीचं ऑपरेशन झालं असेल किंवा पोटुशी असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मग पाच मिनिटं श्वास. अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी, दोन्हींतलं एक. भ्रामरीत श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज करायचा असतो. त्याने उच्छ्वास लांबतो, आणि उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके संथ होतात. बीपी असणाऱ्यांनी जोरजोरातली कपालभाती टाळावी. शेवटी शवासन, पण अंगावर शाल घेऊन. व्यायामानंतर अंग पटकन निवतं, आणि कुडकुडत कोणी शांत होत नाही.

आता उन्हाचं. कोवळं ऊन ड जीवनसत्त्वासाठी, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यासाठी लागणारे किरण सूर्य चांगला वर आल्यावर, दहाच्या पुढे जास्त मिळतात. सकाळच्या उजेडाचं काम वेगळं: त्याने शरीराचं घड्याळ लागतं, रात्री झोप वेळेवर येते, दिवसा मरगळ कमी होते. अजिंक्यतारा किल्ल्याच्या अगदी पायथ्याला राहणाऱ्यांना ठाऊक आहे, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि घरात ऊन उशिरा येतं. अशांनी आठ-साडेआठला उन्हाची बाजू गाठून वीस मिनिटं चालावं. जमलं तर सोबत कोणी घ्या. माझ्या मते मनाला सोबतीचा गुण उन्हाइतकाच येतो.

कारण थंडीत खरी कसोटी संध्याकाळची. सहाला अंधारतं, दारं लागतात, टीव्ही सुरू होतो आणि उगाच उदास वाटायला लागतं. तेव्हा राजवाड्यापर्यंत एक फेरी मारा, फक्त चौपाटीच्या गाड्यांपाशी पाय रेंगाळू देऊ नका. (माझे रेंगाळतात.) झोपण्याआधी तळपायांना तिळाचं तेल चोळा आणि भिंतीला पाय लावून पाच मिनिटं पडा. काचबिंदू असेल तर हे पाय वर करणं आधी विचारून.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक उडाली, कशातच मन लागेना, तर त्यावर आसनं हा पुरेसा उपाय नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त अंथरुणातलं आणि उन्हातलं चालणं. दुसऱ्यात ओटा आणि मार्जारासन. तिसऱ्यात तीन नमस्कार. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, जिथं होतात तिथूनच पुढे. आणि चारभिंतीला जायचंच असेल तर साडेआठला निघा. आमच्या पाचजणींपैकी तिघी आता त्याच वेळेला निघतो. उरलेल्या दोघी अजून पहाटेच जातात आणि आम्हाला आळशी म्हणतात.