मेगॅलोडॉनचा दात घेण्याआधी मुळाकडे बघा

मेगॅलोडॉनसारख्या नामशेष झालेल्या अवाढव्य शार्कचा जीवाश्म दात हातात आला की सगळे आधी टोकाची धार चाचपतात. त्याऐवजी दात उलटा करा आणि मूळ बघा. बनवाबनवी आधी तिथेच उघडी पडते.

मी बडोद्यात मांडवीच्या बाजूला दागिने घडवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. चांदीच्या कोंदणात बसवून गळ्यात घालायला हवेत म्हणून तरुण मुलं असे दात घेऊन येतात. कुणी ऑनलाइन मागवलेला असतो, कुणी प्रदर्शनातून उचललेला. "काका, ओरिजिनल आहे ना?" हे मात्र पैसे देऊन झाल्यावर विचारतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण तपासायला लागतं ते फारसं काही नाही: दहा पटीचं भिंग, ग्रॅमचा काटा आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी.

एक आधी समजून घ्या. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. पण दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, एका शार्कचे हजारोंनी. म्हणून लहान जीवाश्म दात स्वस्त असतात आणि ते खोटे बनवायच्या भानगडीत कुणी फारसं पडत नाही. पाच-सहा इंची मेगॅलोडॉन समोर आला की सावध व्हायचं. हे माप टोकापासून मुळाच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. फोटोवर विसंबू नका, पट्टी लावलेला फोटो मागा.

निव्वळ रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा दात काट्यावर पकडता येतो. दात कोरडा तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि दात दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता जे ग्रॅम दाखवतो, तितके घन सेंटिमीटर दाताचं आकारमान. समजा कोरडं वजन ८४ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३०, तर ८४ भागिले ३० म्हणजे २.८. खरा दात साधारण अडीच ते तीनच्या घरात येतो. साधं रेझिन १.१ ते १.३. रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळली असेल तर आकडा वर सरकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. भिंगातून बुडबुड्यांचे खळगे आणि साच्याची शिवण शोधा.

पण जास्त फसवणूक होते ती अर्ध्या खऱ्या दातांत. पातं खरं, मूळ दुसऱ्याच दाताचं. किंवा मूळ खरं आणि टोक इपॉक्सीने उभं केलेलं. खऱ्या मुळाचा पृष्ठभाग हाडासारखा खरखरीत असतो, त्यात बारीक छिद्रं असतात, आणि मधोमध रक्तवाहिनीचं छिद्र दिसू शकतं. भरलेल्या जागी ही छिद्रं एकदम थांबतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत, एकसारखा होतो. पात्यावरची बारीक चीरसुद्धा डोळ्याने पुढे नेत जा. ती मध्येच रंगाखाली नाहीशी झाली, तर तिथे हात फिरलेला आहे. अंधारात जांभळी बॅटरी मारली की बरेचसे डिंक आणि भरण निळसर पांढरे चमकतात.

काठावरचे करवती दाते माझ्या कामाच्या फार जवळचे. कानशीची खूण मी रोज बघतो, म्हणून ठामपणे सांगतो. झिजलेल्या काठावर नव्याने दाते पाडले असतील तर प्रत्येक खाचेत एकाच दिशेच्या सरळ रेघा दिसतात आणि आतला रंग बाजूच्या इनॅमलपेक्षा फिका, ताजा असतो. खऱ्या काठावर काही दाते बोथट, काही तुटलेले, आणि तुटलेल्या जागेलाही जुनाच रंग चढलेला.

आता जात. मेगॅलोडॉनच्या काठावर बारीक दाते असतात, आणि मूळ व पातं यांच्यामध्ये गडद पट्टा असतो. आजच्या ग्रेट व्हाइट शार्कच्या दाताला तो पट्टा नसतो, दाते जाडसर असतात आणि दात चपटा. मोरोक्कोत सापडणारे ओटोडस ऑब्लिक्वस या दुसऱ्या नामशेष शार्कचे दात काही जण "मेगॅलोडॉनचं पिल्लू" म्हणून खपवतात. त्यांच्या काठाला करवती दाते नसतात आणि दोन्ही बाजूंना छोटी टोकं असतात. ती जात मेगॅलोडॉनच्या कितीतरी आधीची. मेगॅलोडॉनचा काळ साधारण २.३ कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीचा. कुणी "डायनासोरच्या वेळचा मेगॅलोडॉन" म्हणाला, की तिथून निघा. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले होते.

रंगावरून निर्णय करू नका. काळा, राखाडी, तपकिरी, नारिंगी हे सगळे रंग ज्या गाळात दात पुरला त्यातल्या खनिजांचे असतात. पांढराशुभ्र दात बहुधा आजच्या शार्कचा, आणि आपल्याकडे शार्कच्या काही जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. तो घेऊच नये.

मोरोक्कोहून दगडाच्या ठोकळ्यात बसवलेला दात येतो, त्याच्या कडेला ॲसिटोनचा बोळा लावून बघा, पण विक्रेत्याला विचारून. वाळू सुटली आणि बोळा चिकट झाला, तर ठोकळा डिंकाने लिंपलेला आहे. आतला दात खरा असू शकतो, पण मग किंमत नुसत्या दाताची द्या.

"कच्छनो छे, साव ओरिजिनल" हे बडोद्यात हमखास ऐकायला मिळतं. कच्छच्या मायोसीन, म्हणजे मेगॅलोडॉनच्याच काळातल्या, थरांत शार्कचे दात सापडतात हे खरंच आहे. तरी कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरातून, हे विचारा. नुसतं "कच्छ" म्हणजे काहीच सांगितलं नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात ओळखीचं कुणी असेल तर पैसे देण्याआधी फोटो दाखवा.

बिलावर जातीचं नाव, सापडल्याची जागा, आणि "जोडलेला", "भरलेला" की "जसाच्या तसा" हे लिहून घ्या. जोडलेला दात घेण्यात काही कमीपणा नाही, दोन खऱ्या तुकड्यांचा सांधा मला चालतो. भरलेल्याची किंमत मात्र बरीच पाडून मागा. आणि कोंदण करणाऱ्याला आधीच सांगा: डाख देऊन कोंदण पूर्ण थंड झाल्यावरच दात बसवायचा, भोक पाडायचं नाही, पॉलिशचा बफ इनॅमलवर फिरवायचा नाही.