यादी लागायच्या आधी

मंदी आली हे मला पेपरातून नाही, डब्यावरून कळलं. २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत मी कामावर जाताना दोन डबे न्यायचो, एक शिफ्टचा आणि एक ओटीचा, म्हणजे जादा तासांचा. ओटी बंद झाली आणि दुसरा डबा फळीवर पालथा पडून राहिला. घरात मी चकार शब्द काढला नाही. अकराव्या दिवशी बायकोनं तो डबा माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "ह्यात आता शेंगदाणं भरू का? आणि तुम्ही सांगणार कधी, तेवढं तरी सांगा."

मी आयटीआय टर्नर. राहायला कोल्हापूरजवळ उचगावात आणि २००६ पासून शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीला (लोखंड ओतायच्या कारखान्याला) लागून असलेल्या मशीन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर. फ्लायव्हील हाउसिंग, ब्रेक ड्रम, ट्रॅक्टरचे जॉब. हल्ली नवीन लागलेली पोरं विचारतात, "दादा, आमच्यात पण कमी करणार म्हणायलेत, काय करू?" दरवेळी चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

खुणा आधी दिसतात. ओटी जाते. मग तीन शिफ्टच्या दोन होतात. कॉन्ट्रॅक्टरची पोरं एका सोमवारी येतच नाहीत आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारतही नाही. स्टोअरमध्ये इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापायचं पातं, मागितला की "जुन्याचीच दुसरी कड वापर" म्हणतात. यार्डात कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या कच्च्या जॉबची, थप्पी वाढते, कारण पुढच्या कंपनीकडून शेड्यूल कमी आलेलं असतं. आमच्याकडं त्यात ऑगस्टचा पूर आला. तावडे हॉटेल ते शिरोली हायवेवर पंचगंगेचं पाणी, आम्ही नदीच्या अलीकडं, कंपनी पलीकडं. पाणी उतरल्यावर गेलो तर गाड्यांचा खपच पडलेला. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे नवे नियम, बीएस-६, येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं आणि जुन्या मॉडेलचे पार्ट कुणी साठवून ठेवायला तयार नाही. दसऱ्याच्या सुमारास "यादी होणार", म्हणजे काढायच्या माणसांची, ही कुजबुज सुरू झाली. यादीत कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाची यादी वेगळी होती.

आमच्या पाहुण्यांत शाहू मिलमध्ये नोकरी केलेले एक आजोबा आहेत. १९०६ ची ती मिल २००३ मध्ये बंद झाली, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्याकडं मी रडगाणं गायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीपासून सगळं त्यात, सुतळीनं बांधलेलं. "तुझ्याजवळ काय हाय?" एवढंच विचारलं. माझ्याकडं नेमणूक पत्रसुद्धा सापडेना.

म्हणून नवीन पोरांना पहिली गोष्ट ही सांगतो, आणि मंदीची वाट न बघता. नेमणूक पत्र, दर महिन्याची पगार स्लिप, ओळखपत्राची झेरॉक्स, पगारवाढीचं पत्र, बँकेचं पासबुक भरून घेतलेलं. कंपनी स्लिप मोबाइलवर देत असेल तर ती स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. कंपनीचं लॉगिन बंद पडलं की काही हाताला लागत नाही. पीएफचं पासबुक उमंग ॲपवर दिसतं, ते तीन महिन्यांतून एकदा उघडा. पगारातून कापलं म्हणजे भरलं असं नसतं. आधारवर आणि पीएफवर नाव एकच आहे का बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी होती आणि तेवढ्यासाठी दोन महिने गेले. कामावर लागल्याची तारीख तर दहादा तपासा, कारण पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. ॲप्रेंटिसचं वर्ष त्यात धरत नाहीत. आणि कॉन्ट्रॅक्टरकडून लागला असाल तर कॉन्ट्रॅक्टर कोण, त्याचा पीएफ कोड काय, हे आजच लिहून ठेवा. तो एका रात्रीत फोन बंद करू शकतो.

आता शब्दांचा घोळ. आपण सरसकट "ले-ऑफ" म्हणतो, पण कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं. नाव मस्टरवर (हजेरीपटावर) राहतं आणि कारखाना ५० कामगारांपेक्षा लहान नसेल, तुमचं वर्ष भरलेलं असेल, तर त्या दिवसांचा निम्मा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळतो. मात्र ठरलेल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी द्यावी लागते. कायमचं काढणं म्हणजे कपात. त्यासाठी महिन्याची लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. यासाठी वर्षभराची, म्हणजे १२ महिन्यांत २४० दिवसांची, सलग नोकरी पुरते, ग्रॅच्युइटीसारखी पाच वर्षं लागत नाहीत. हे मला तेराव्या वर्षी कळलं. साधारण नियम असा की त्या प्रकारच्या कामात शेवटी लागलेला आधी जातो आणि पुढं भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी विचारायचं.

हे सगळं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. पंधरा दिवसांचा हिशेब तसाच आहे. वर, कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायचा. दुसरीकडं, कपातीसाठी सरकारची परवानगी आधी १०० कामगारांच्या कारखान्यापासून लागायची, ती आता ३०० पासून लागते. आपल्याकडच्या बहुतेक फौंड्र्या त्या आकड्याच्या कितीतरी आत आहेत, तेव्हा परवानगीच्या भरवशावर राहू नका.

नोव्हेंबरात एका शनिवारी आम्हाला एकेकाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर छापील कागद. "मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." तारखेची जागा कोरी. बाजूला पंचवीस हजारांचा चेक. साहेब एरवी कधी बसा म्हणाले नव्हते, त्या दिवशी चहा मागवला. "सन्मानानं जावा. तेजी आली की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावतो."

माझा हिशेब आदल्या रात्री मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून झाला होता. बेसिक आणि डीए मिळून १३,०००. भागिले २६, म्हणजे दिवसाला ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. तेरा वर्षांचे ९७,५००. ही झाली ग्रॅच्युइटी, ती राजीनामा दिला तरी मिळते, कारण पाच वर्षं भरलीत. पण कपातीची भरपाई म्हणजे साधारण तेवढीच रक्कम पुन्हा एकदा, आणि वर नोटिशीचे १३,०००. राजीनाम्यावर सही केली की हे साधारण लाखभर जातात. त्याच्या बदल्यात टेबलावर पंचवीस हजार होते. आणि गंमत बघा, "तेजी आली की बोलावतो" हे साहेब तोंडी सांगत होते, तेच कायद्यानं कपात झालेल्याला मिळतं. राजीनामा देणाऱ्याला नाही.

मी म्हटलं, "साहेब, कागद घरी नेऊन वाचतो." ते म्हणाले, कागद बाहेर जात नाही. "मग काढायचं असंल तर तसं पत्र द्या, मी घेतो." आवाज कापत होता, खोटं कशाला सांगू. नऊजणांपैकी सहाजणांनी सही केली. त्यांना मी नावं ठेवत नाही. एकाच्या घरी त्याच आठवड्यात ऑपरेशन होतं आणि पंचवीस हजार समोर दिसत होते. पण त्यालाही ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, माहीत नव्हतं. पगारातून वर्गणी कापली गेलेली असली की नोकरी सुटल्यावरही दवाखाना लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. शिवाय बेकारीत तीन महिन्यांपर्यंत भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तेव्हा तीत सरासरी पगाराच्या पाव हिस्सा मिळायचा, २०२० मध्ये तो निम्मा केला. स्वेच्छेनं निवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही, म्हणजे "वैयक्तिक कारणास्तव" हे दोन शब्द तिथंही आडवे येऊ शकतात. ईएसआयच्या शाखेत जाऊन आपल्या बाबतीत आज काय लागू आहे ते विचारायचं. एका सकाळचं काम आहे.

मला काढल्याचं पत्र आलं नाही. ले-ऑफ आला, आधी बारा दिवस, मग पुन्हा दहा.

घरचं गणित मी करत बसलो असतो तर कर्जाच्या हप्त्यापुढं गेलो नसतो. पतसंस्थेचा हप्ता ६,२००, मुलगी दहावीला, तिची शिकवणी. बायकोनं उलट्या बाजूनं सुरुवात केली, येणार काय काय ते आधी लिहिलं. म्हशीच्या दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. तिच्या भिशीचा नंबर मार्चमध्ये होता, तो तिनं जाधववाडीच्या एका बाईशी बदलून डिसेंबरात घेतला. पतसंस्थेत मी हप्ता थकायच्या आधी गेलो, हेही तिच्याच सांगण्यावरून. थकल्यावर गेलं की मॅनेजर समोर बघत नाही, आधी गेलं की तीन महिने नुसतं व्याज भरा म्हणतो. मुलीला सगळं सांगितलं. शिकवणी चालू ठेवली.

बाहेरगावचाही विचार केला. दोस्त चाकणला चोवीस हजारांवर गेला. रूम, मेस, महिन्यातून दोनदा गावी येणं, हे वजा जाता घरी बारा हजार पाठवायचा. लग्न न झालेल्या पोरानं जरूर जावं, मोठ्या मशीनवर हात बसतो. म्हैस, आई आणि दहावीतली मुलगी सोडून बारा हजारांसाठी जायचं, ते मला पटलं नाही. आणि एक मोह आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या हवेतच आहे, पैसे हातात आले की जुनं मशीन घ्यायचं आणि जॉबवर्क सुरू करायचं. मंदीत मशीन स्वस्त मिळतं, हे खरं. ते स्वस्त का मिळतंय, हे कुणी विचारत नाही. ज्या कामासाठी तुम्हाला काढलं तेच काम बाहेरही नसतं, आणि असलं तर बिल तीन-तीन महिने येत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, पण तो ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याला दाखवायचा कसा? ग्रॅच्युइटी मशीनमध्ये घालू नका, निदान ऑर्डर हातात असल्याशिवाय.

ले-ऑफच्या दिवसांत सकाळी गेटवर सही करायची आणि दिवस मोकळा. त्यातल्याच एका दिवशी गोकुळ शिरगावला एका छोट्या शॉपमध्ये ट्रायल दिली. मालकानं पातळ भिंतीची एक स्लीव्ह, म्हणजे नळी, पुढं ठेवली, "ह्यात आतला बोअर गोल येईना झालाय. दोन सेटर येऊन गेले." मी प्रोग्रामला हात लावला नाही. जॉब चकात, म्हणजे मशीनच्या पकडीत, असतानाच आतलं भोक मोजायचा तीन टोकांचा बोअर गेज फिरवून बघितला, गोल. चक सोडून पुन्हा फिरवला तर ०.०४ मिलिमीटरचा फरक. चक जॉबला दाबत होता, कटिंगनंतर सोडला की तो आपल्या आकाराला परत जात होता. चकाचे सॉफ्ट जॉ, म्हणजे मऊ जबडे, जॉबच्या व्यासाला पुन्हा बोअर करून घेतले, म्हणजे पकड तीन टोकांवर न येता सगळीकडून बसते. रफला दाब ठेवला, फिनिशच्या आधी चक सोडून कमी दाबानं पुन्हा धरला. पाचवा जॉब ०.०१ मध्ये आला. ह्यात तासभर गेला, आणि त्या तासात मला एकदाही यादीची आठवण झाली नाही.

तेरा वर्षांत मी काय काय करतो ते मलाच कधी मांडता आलं नव्हतं. ट्रायलच्या आधी वहीत लिहून नेलं होतं, फॅनक कंट्रोल, एसजी आयर्न आणि कास्ट आयर्न, किती व्यासापर्यंत, कुठली मापं, रिजेक्शन कितीवरून कितीवर आणलं. मालकानं ती वही वाचली. मग पगार विचारला. मी आधी विचारलं, पीएफ पहिल्या महिन्यापासून का.

म्हणजे शेवटी राजीनामा मी दिलाच, जानेवारी २०२० मध्ये. पण नवं नेमणूक पत्र हातात आल्यावर, माझ्या हस्ताक्षरात, मी घातलेल्या तारखेनं, आणि पोच घेऊन. भरपाईवर पाणी सोडलं, ते जाणूनबुजून. पीएफ काढला नाही, नव्या खात्यात वळवला, कारण पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं भरली होती आणि पुढची नोकरी त्यातच जोडायची होती. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्सचंही लफडं असतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते. दिली नाही. लेखी अर्ज केला, सहायक कामगार आयुक्त कार्यालयात दोन फेऱ्या मारल्या, दुसऱ्या फेरीला तिथल्या बाईंनी फोन लावला. पैसे जमा झाले एप्रिलमध्ये. तेव्हा नवं शॉपही लॉकडाऊनमध्ये बंद होतं आणि बँकेत एका वेळी चौघांनाच आत सोडत होते. मी उन्हात रांगेत उभा राहून पासबुक भरून आणलं, आणि तेही पेटीत टाकलं.