बुचाची बाटली आणि वाकलेली रेषा: फिजिकल केमिस्ट्री घेणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला फिजिकल केमिस्ट्री घेतली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "का गं, ऑरगॅनिकला नंबर लागला नाही का?" मला तो वर्गातल्या मैत्रिणींनी विचारला, मामाने विचारला, गावाकडच्या सरांनीही विचारला. ऑरगॅनिक मला मिळत होतं. फिजिकल मी मागून घेतलं, आणि त्याचं कारण बी.एस्सी.च्या एका प्रॅक्टिकलमध्ये आहे.

प्रयोग सगळ्यांनाच असतो तो. मिथाइल ॲसिटेट या एस्टरचं आम्लाच्या सान्निध्यात जलापघटन, म्हणजे पाण्याने तुटणं. एचसीएलमध्ये एस्टर टाकायचं, घड्याळ लावायचं, ठरावीक वेळाने पिपेटने दोन मिली मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं म्हणजे अभिक्रिया तिथेच थंडावते, आणि लगेच सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं, म्हणजे आम्ल संपायला ते किती लागतं ते मोजायचं. फिकट गुलाबी रंग आला की ब्युरेट वाचायची. एस्टर तुटत जातं तसं ॲसेटिक आम्ल वाढतं, म्हणून रीडिंगही वाढत जातं. शेवटी लागतं 'इन्फिनिटी रीडिंग', म्हणजे अभिक्रिया पूर्ण संपल्यावरचं. त्यासाठी थोडं मिश्रण वेगळ्या बाटलीत घालून ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवतात. इन्फिनिटी रीडिंगमधून प्रत्येक रीडिंग वजा करायचं, त्याचा लॉग घ्यायचा आणि वेळेसमोर मांडायचा. सरळ रेषा यायला हवी.

माझी रेषा सरळ आली, पण शेवटचे तीन बिंदू खाली झुकले. मी खोडरबर हातात घेतलं होतं. मॅडम मागून म्हणाल्या, "खोडू नकोस. का झुकले ते सांग."

एप्रिलची दुपार होती, लॅबमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. मी पुन्हा वॉटर बाथपाशी गेले तर तिथे एस्टरचा गोडसर वास येत होता. बाटलीचं बूच सैल होतं. मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांना उकळतं आणि मी ते ६० अंशांत ठेवलं होतं! एस्टर तुटण्याऐवजी उडून जात होतं, म्हणून इन्फिनिटी रीडिंग कमी भरलं. सुरुवातीला वजाबाकी मोठी असते, तिथे अर्ध्या-पाऊण मिलीची चूक दिसत नाही. शेवटी वजाबाकीच दीड-दोन मिलीची उरते, तिथे तीच चूक रेषा वाकवते. मूळ मिश्रण घट्ट बूच लावून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी टायट्रेट केलं. ३०.० ऐवजी ३०.८ आलं. नव्याने आकडे मांडले आणि तिन्ही बिंदू रेषेवर बसले. त्या दिवशी मला कळलं की आलेख खोटं बोलत नव्हता, बुचाबद्दल काहीतरी सांगत होता. फिजिकल केमिस्ट्रीतला हा आनंद मला दुसरीकडे मिळाला नाही. म्हणून सांगते, जर्नलमध्ये 'सुंदर' रेषा काढण्यासाठी बिंदू हलवू नका. वाकलेला बिंदू शिकवतो ते व्हायवाची नोट्सची वही शिकवत नाही.

आता थिअरी. बहुतेकांची अडचण एन्ट्रॉपीपाशी सुरू होते. 'अव्यवस्थेचं माप' हे वाक्य पाठ करून आपण पुढे सरकतो आणि गिब्जच्या ऊर्जेपाशी अडखळतो. ऊर्जेचा आणि एन्ट्रॉपीचा हिशोब एकत्र मांडून बदल आपोआप होईल का ते ती सांगते: तिच्यातला फरक, म्हणजे डेल्टा जी, ऋण असेल तर होतो. मला हे समजलं ते आजीच्या माठामुळे. माठाला पाझरलेलं पाणी उडताना उष्णता शोषतं, तरी ते आपोआप उडतं. ऊर्जेच्या हिशोबाने हा तोट्याचा व्यवहार, मग होतो कसा? कारण द्रवातून सुट्या झालेल्या रेणूंची एन्ट्रॉपी इतकी वाढते की तोटा भरून निघतो. हॉस्टेलवरची रत्नागिरीची मैत्रीण म्हणायची, आमच्याकडे माठाचं पाणी एवढं गार होतच नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाढलेल्या मला ते खरं वाटेना. पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर बाष्पीभवनाचा डेल्टा जी शून्याच्या जवळ जातो आणि पाणी उडायचं मंदावतं. आम्ही दोघींनी हे रात्री वहीवर सोडवलं. तेव्हापासून समीकरणातली ती अक्षरं मला अनोळखी वाटली नाहीत.

गणिताची भीती खरी आहे. अकरावी-बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली कितीतरी मुलं या वर्गात येतात. त्यांनी पहिला महिनाभर रोज तासभर फक्त लॉग, घातांक, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह एवढंच करावं. क्लास लावायची गरज नाही, अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पुरतात; पार्शल डेरिव्हेटिव्ह तेवढं बी.एस्सी.च्या पुस्तकातून बघा. डेरिव्हेशन पाठ करू नका. प्रत्येक पायरीच्या बाजूला, इथे काय गृहीत धरलं ते मराठीत लिहा. दाबाबरोबर उत्कलनबिंदू कसा बदलतो ते सांगणाऱ्या क्लॉसियस-क्लॅपेरॉन समीकरणात द्रवाचं आकारमान नगण्य मानलं, बाष्प आदर्श वायू मानलं, सुप्त उष्णता स्थिर मानली. हे लिहिलं की समीकरण कुठे चालेल, कुठे नाही, ते आपोआप दिसतं. मग महाबळेश्वरला पाणी किती अंशांना उकळेल ते काढून बघा. उंची साधारण १,३५० मीटर, दाब ०.८५ ॲटमॉस्फिअर धरा, मोलर सुप्त उष्णता ४०.७ किलोज्यूल. उत्तर ९५ अंशांच्या थोडं वर येतं. तिथे डाळ शिजायला वेळ का लागतो आणि कुकर का लागतो, दोन्ही त्याच ओळीत आलं.

एककांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आर, म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४ घेतला की ऊर्जा ज्यूलमध्ये हवी. ०.०८२१ हा लिटर-ॲटमॉस्फिअरचा. किलोज्यूलचे ज्यूल न करता उदाहरण सोडवून मी एका इंटर्नलमध्ये सहा मार्क घालवले आहेत.

नोकरीचं खरं ते सांगते. एमआयडीसीतल्या औषध कंपन्या मोठ्या संख्येने ऑरगॅनिकची मुलं घेतात. लगेच पगार सुरू व्हायला हवा अशी घरची परिस्थिती असेल तर ऑरगॅनिक घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. फिजिकलच्या वाटा बॅटरी, उत्प्रेरक, गंजरोधन, रंग, संगणकीय रसायन अशा कामांत निघतात, आणि पुष्कळदा पीएच.डी.तून. त्यासाठी नेट किंवा गेट या देशपातळीवरच्या परीक्षा, कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा राज्याची सेट. नेटच्या पेपरात फिजिकल, ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक या तिन्ही शाखा असतात, त्यामुळे स्पेशलायझेशन घेतलं म्हणून ऑरगॅनिकच्या नोट्स रद्दीत देऊ नका. पायथन आत्तापासून शिका. आलेख आणि लीस्ट स्क्वेअर्स (बिंदूंमधून सगळ्यात जवळची रेषा काढायची पद्धत) एवढं आलं तरी प्रोजेक्टला फार उपयोग होतो.

आणि स्पेशलायझेशनचा फॉर्म भरण्याआधी विभागाच्या लॅबमध्ये एक चक्कर मारा. पोटेन्शिओमीटर चालू आहे का, कंडक्टिव्हिटी सेल स्वच्छ आहे का, पोलॅरिमीटरचा दिवा लागतो का ते बघा. लॅब असिस्टंट दादांना विचारा, ही यंत्रं गेल्या वर्षी किती वेळा बाहेर निघाली. ते खरं सांगतात.