चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मोडलं म्हणून अटक? जामीन घेताना या चुका टाळा

कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडलं की घरचे समजतात, सुटलो एकदाचे. खरं तर शिक्षा अजून सुनावलेलीच नसते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ प्रमाणे माणूस लिहून देतो की ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षांत, बोलावलं की शिक्षा घ्यायला हजर होईन आणि तोवर नीट वागेन. सोबत राहण्याचं ठिकाण, दारूबंदी अशा अटी असू शकतात. त्या मोडल्या की कलम ९ लागतं, आणि मग घाबरलेलं घर त्याच त्या चुका करतं. तालुका कोर्टाच्या आवारात मी त्या वर्षानुवर्षं बघतेय.

एका हंगामात एक आई कापडी पिशवीत कागद घेऊन आली होती. मुलगा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे बंधपत्रावर सुटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली होता, आणि न सांगता गाव सोडायचं नाही ही अट होती. दिवाळीनंतर तो टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेला. अधिकारी दोनदा घरी येऊन गेले, दोन्ही वेळा दाराला कुलूप. अहवाल कोर्टात गेला आणि समन्स निघालं. ते शेजाऱ्याने घेऊन फळीवर ठेवून दिलं. मग वॉरंट. पिशवीत आधार, रेशनकार्ड, मुलाची मार्कशीटसुद्धा होती. नव्हती फक्त मूळ आदेशाची आणि बंधपत्राची नक्कल. कोणत्या कोर्टाचा आदेश, कोणता केस नंबर, नेमकी अट काय, हेच कुणाला सांगता येईना. अर्धा दिवस नक्कल विभागात गेला आणि पोरगा तेवढा वेळ आत बसला. ही नक्कल घरात हवी, मोबाइलमध्ये फोटोही हवा.

यात जामीन पोलीस ठाण्यात मागत बसू नका. ज्या कोर्टाने सोडण्याचा आदेश दिला, किंवा मूळ गुन्हा ज्या कोर्टाला चालवता आला असता, तिथेच कलम ९ चं काम चालतं. अपवाद एकच, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: वॉरंटावर जामिनाचा शेरा असेल, तर त्यात लिहिलेल्या रकमेचं बंधपत्र आणि जामीनदार घेऊन पोलिसांनाच सोडावं लागतं. म्हणून वॉरंट दोन्ही बाजूंनी वाचा. शेरा नसेल तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत कोर्टापुढे उभं करणं पोलिसांना बंधनकारक आहे. वकिलाचे पैसे नसतील तर कोर्टातल्याच तालुका विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो.

अटक नव्या गुन्ह्यात झाली असेल तर आणखी एक घोळ होतो. नव्या केसमध्ये जामीन मिळतो, घरचे गाडी घेऊन तुरुंगाच्या दारात थांबतात आणि माणूस बाहेर येत नाही, कारण जुन्या आदेशावरचं वॉरंट तसंच असतं. दोन्हीकडे वेगळा अर्ज लागतो.

आता जामीनदार. नेटवर शोधलं की अमेरिकेतली माहिती आधी समोर येते: तिथल्या बहुतेक राज्यांत बेल बाँड कंपनी साधारण दहा टक्के फी घेऊन जामीन राहते. आपल्याकडे कायद्यात असा धंदाच नाही. कोर्टाबाहेर ‘जामीनदार देतो, इतके द्या’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, कळकळीने सांगते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराला आपण किती जणांना जामीन आहोत हे लिहून द्यावं लागतं. कागद बनावट निघाले तर तो अडकतोच, आणि तुमच्या माणसाला पुन्हा अटक होऊ शकते. मामा, काका, जुना मालक, कुणीही ओळखीचा खरा माणूस आणा. सातबारा किंवा घरपट्टीची पावती, पगारपत्रक, कोर्टाने मागितला तर तहसीलचा ऐपतीचा दाखला, हे सगळं मूळ प्रतींसह हवं.

आणि जामीनदार लागणारच असं धरून चालू नका. कलम ९ मध्ये कोर्ट जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवायही सोडू शकतं. मग अर्जात आधी जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवाय फक्त स्वतःचं बंधपत्र मागा, तो नाही तर रोख रक्कम भरून जामीनदारासाठी मुदत मागा. फक्त लक्षात ठेवा, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राऐवजी रोख रक्कम चालत नाही. ती तारखेला हजर राहण्याच्या बंधपत्रापुरती. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर वकिलाला मोतीराम खटल्याची आठवण द्या. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तो गवंडी याच कारणासाठी उभा होता आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला.

सुनावणीच्या दिवशी ‘चुकलं साहेब, माफ करा’ म्हणून मोकळं होणं ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. अट मोडली हे कोर्टाला ऐकून घेऊन ठरवायचं असतं. अट मोडलीच असेल, पण पहिल्यांदाच, तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याचा पर्याय कोर्टाला आहे. नाहीतर मूळ गुन्ह्याची शिक्षा. ती झाली की कलम १२ चं संरक्षणही जातं. म्हणजे दोषी ठरल्यामुळे येणारी जी अपात्रता बंधपत्रावर सुटलेल्याला लागत नाही, ती आता लागते. सरकारी भरतीचा फॉर्म भरू बघणाऱ्या पोराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणून कारणाचा पुरावा न्या: दवाखान्याचे कागद, मालकाचं पत्र.

त्या आईने मुकादमाकडून उचल घेतल्याची चिठ्ठी आणली, मामाचा सातबारा आणला. मुलगा जामिनावर सुटला आणि पुढे पन्नास रुपये दंडावर निभावलं. पुढच्या दिवाळीआधी तो स्वतः परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी कलम ८ खाली अर्ज केला आणि अट बदलून मिळाली: हंगामात कारखान्याचा पत्ता द्यायचा, महिन्यातून एकदा फोन करायचा.