क्रॅब नेब्युलातलं ‘आकाश’ कुठलं?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी क्रॅब नेब्युला, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा पसरत चाललेला वायूचा ढग, निवडला. जुन्नरजवळच्या गिरावलीला आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावर घेतलेले वर्णपट हातात होते. तरुण अतिनवतारा-अवशेष (ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेलं) आणि त्याचा पल्सार (मध्यभागी उरलेला, वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा) या विषयात उतरायचं असेल, तर सुरुवात इथूनच करा. चिनी नोंदींमुळे स्फोटाचं वर्ष, 1054, ठाऊक आहे. शिवाय हिवाळ्यात हा नेब्युला आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो. त्याचं जुळं भावंड म्हणावं असं 0540-69 मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे शेजारच्या दीर्घिकेत आहे, पण ते गिरावलीहून क्षितिजावर जेमतेम दीड-दोन अंश येतं.

दुर्बिणीवर रात्र मागताना चंद्र बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र मृगात असतो आणि क्रॅब तिथून फार लांब नाही. डिसेंबर म्हणून खूश होऊन पौर्णिमेचा आठवडा घेऊ नका.

पल्सार ओळखताना घाई नको. मध्यभागी सुमारे पाच आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अंतरावर दोन तारे दिसतात, त्यांतला नैऋत्येकडचा, तेजस्वितेत साधारण साडेसोळाव्या प्रतीचा, तो पल्सार. कॅमेऱ्याची प्रतिमा उलटी असू शकते, म्हणून आधी उत्तर आणि पूर्व ठरवा. तो सेकंदाला तीस वेळा लुकलुकतो, पण मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ते सगळं सरासरीत विरतं. स्पंदनं टिपायला वेगवान कॅमेरा आणि जीपीएसचं घड्याळ लागतं. पहिल्या प्रकल्पात त्यामागे लागू नये, असं माझं मत आहे.

माझे सर्वाधिक दिवस गेले ते स्काय सबट्रॅक्शनमध्ये, म्हणजे आकाशाचा पार्श्वप्रकाश वजा करण्यात. पल्सारच्या पहिल्या वर्णपटात मला ऑक्सिजनच्या रेषा खाली खचलेल्या दिसल्या. शोषणरेषा मिळाल्या, असं वाटून मी सरांकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, “आकाश कुठलं घेतलंस?” मी घेतलेला पट्टा नेब्युलातल्या वायूच्या एका तेजस्वी तंतूवर होता. तंतूचा प्रकाश मी पल्सारमधून वजा केला होता. पल्सारचा स्वतःचा वर्णपट जवळजवळ सपाट, रेषांविना असतो.

तेव्हापासून मी दोन हिशेब वेगळे ठेवते. पल्सार हवा असेल, तर त्याला अगदी लागून दोन्ही बाजूंचा नेब्युला हीच पार्श्वभूमी. तिथेही पट्टे बदलून पाहायचे, कारण तंतूंची चमक काही आर्कसेकंदांत बदलते. तंतू हवे असतील, तर आकाश नेब्युलाच्या बाहेरचंच. नेब्युला सुमारे सात बाय पाच आर्कमिनिटांचा आहे, त्यामुळे स्लिटची (वर्णपटासाठी प्रकाश आत घेणाऱ्या अरुंद फटीची) टोकंही त्याच्या आत राहू शकतात. मग शेजारच्या रिकाम्या जागेचं वेगळं एक्स्पोजर त्याच रात्री घ्या.

तंतूंचा वर्णपट नीट निघाल्यावर पुन्हा अडले. ऑक्सिजनच्या दोन रेषा, तरंगलांबी 4959 आणि 5007 अँगस्ट्रॉम. पसरत जाणाऱ्या वायूच्या कवचाची पुढची बाजू आपल्याकडे येते, मागची दूर जाते, म्हणून प्रत्येकीची दोन शिखरं, एकूण चार हवीत. माझ्याकडे तीनच. कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं: वेग सेकंदाला 1500 किलोमीटरच्या आसपास असेल तर रेषा सुमारे 25 अँगस्ट्रॉम सरकते. म्हणजे 4959 ची मागची बाजू 4984 ला आणि 5007 ची पुढची बाजू 4982 ला. मधल्या शिखरात दोघी एकत्र होत्या. 5007 ची रेषा 4959 च्या जवळजवळ तिप्पट तेजस्वी असते, हे गुणोत्तर धरून मी त्या सोडवल्या, आणि कवचाच्या दोन्ही भिंती आलेखावर वेगळ्या उभ्या राहिल्या.